शाळा न पाहिलेली लेखिका

(द्वितीय वर्ष, कला)

अभ्यासाला लावलेले पुस्तक आवडीने वाचणारा विद्यार्थी विरळाच! पुस्तक हातात पडण्यापूर्वी गाईड पडते, गाईडमधली उत्तरे पाठ होतात आणि मग मूळ पुस्तक उशाखाली ठेवण्यापुरतेच उपयोगी उरते. मी तरी याला अपवाद का असावे? यंदा आम्हाला ‘आत्मचरित्र’ हा वाङ्मयप्रकार अभ्यासाला आला आणि त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ नेमले आहे असे कळले, तेव्हा मी सर्वांत आधी त्याची पाने मोजली. पुस्तक चांगलेच जाडजूड होते. मनात म्हटले, झाले! आता हे वाचून कधी व्हायचे?

परंतु ते वाचून झाले. एकदा नव्हे, दोनदा झाले. दुसऱ्यांदा तर मोठ्याने झाले. ते कसे, हे लेखाच्या शेवटी सांगणारच आहे. लक्ष्मीबाईंचे चरित्र माझ्या वर्गबंधू-भगिनींपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू. मात्र ते सांगताना माझ्या घराविषयीही चार शब्द सांगावे लागतील. कारण कोणतेही पुस्तक आपण वाचतो ते आपल्या घरात बसून, आपल्या घरच्या डोळ्यांनी वाचतो, असे मला वाटते.

माझे वडील चौथीपर्यंत शिकले. आई सही करते. सही म्हणजे तिच्या लेखी एक चित्रच आहे. जिभेचे टोक दातांत धरून ती ते सावकाश काढते. आजी अंगठा उठवते. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखालच्या फळीवर माझी पुस्तके, ही आमची ग्रंथसंपदा!

अशा घरातल्या मुलीला जुने, नावाजलेले साहित्य वाचताना काय होते? शाळेत असताना जुन्या लेखकांचे उतारे वाचले की त्यातल्या माणसांच्याही आधी त्यांचे घरच मला कळत नसे. माजघर, ओटी, देवघर, सोवळ्याची वलणी हे शब्द मी शब्दार्थात पाठ केले होते. प्रत्यक्ष पाहिले नव्हते. आमचे घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. दुसऱ्याच्या वाड्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून आतले बोलणे ऐकावे, तसे ते वाचन होते. बोलणे ऐकू येई. पण आत ये म्हणून कोणी म्हणत नसे. गुण मात्र बरे मिळत, कारण माझे पाठांतर चांगले होते.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला तास मला चांगला आठवतो. मॅडमनी आरंभीचा भाग वाचून दाखवला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते, त्याच्या हकिकती त्या भागात आहेत. सगळा वर्ग खळखळून हसला. मीही हसले. आणि हसता हसता मला एकाएकी माझी आजी आठवली.

आजी लहान असताना आमच्या वस्तीला विहिरीवर हात लावण्याची मुभा नव्हती. विहिरीपासून अंतर राखून, भांडे खाली ठेवून उभे राहायचे. वर पाणी शेंदणाऱ्या बायांपैकी कोणाच्या मनात आले, तर ती उंचावरून भांड्यात ओतणार. नाही आले, तर ऊन डोक्यावर येईपर्यंत ताटकळायचे. आजी हे एकदाच बोलली होती. पुन्हा विचारले तर विषय बदलत असे. वर्गात ज्या सोवळ्याचे हसू येत होते, त्याच सोवळ्याच्या दुसऱ्या टोकाला माझी आजी रिकामी घागर घेऊन उभी होती. माझे हसू घशातच राहिले.

पुढे चाचणी परीक्षेत ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे स्वरूप स्पष्ट करा, असा दहा गुणांचा प्रश्न आला. मी गाईडमधले उत्तर लिहिले : निर्मळ, निर्व्याज, कोणालाही न बोचणारा विनोद. दहापैकी आठ गुण पडले. परंतु आपण खोटे लिहिले, ही रुखरुख काही जाईना. कोणालाही न बोचणारा? मला तर बोचला होता! मग ठरवले की, ही बाई कोण होती ते आता पुरतेच पाहायचे. त्या रात्री गाईड बाजूला ठेवले आणि मूळ पुस्तक उघडले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. गाव नाशिकजवळचे जलालपूर. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात मनू म्हणत. मनूच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि इंग्रज सरकारने त्यांना फाशी दिले. या प्रसंगाचा मनूच्या वडिलांच्या मनावर जबरदस्त आघात झाला आणि तेव्हापासून सोवळ्याच्या वेडाने त्यांना घेरले. बाहेरून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, कोणी कोणाला शिवायचे नाही, मुलांनी कोणाच्या घरी जायचे नाही. सारे घर सदान्कदा ओले! या ओल्या घरात मनूची आई राबराबून झिजली आणि मुले धाकात वाढली.

पहिल्या वाचनात मला यातला विटाळच तेवढा दिसला होता. सावकाश वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या माणसाने सगळ्या जगाला घराबाहेर ठेवले, त्याने आपल्या बायको-मुलांना घरात कोंडून घातले होते. सोवळे आमच्या लोकांना पाणी देत नव्हते हे खरे, पण त्या घरच्या लेकीबाळींनाही ते मोकळा श्वास घेऊ देत नव्हते. आणि लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात ते वडिलांच्या वेडाचे कौतुक म्हणून नव्हे. ज्या गोष्टीने आपले बालपण करपवले, तिच्याकडे म्हातारपणी वळून पाहून ती किती फोल होती हे दाखवणारे ते हसणे आहे. गाईडमध्ये हे नव्हते.

मनूला शाळा मिळाली नाही. वास्तविक तिच्या जन्माच्या वीस वर्षे आधी, १८४८ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. त्याच फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला होता. म्हणजे आमच्यातली एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी निबंध लिहीत होती, त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मलेल्या गोखल्यांच्या लेकीला पाटीसुद्धा मिळू नये! शिक्षणाची वाट कोणत्या घरातून निघते आणि कोणत्या घरापुढे अडते, याचा हिशेब आपण समजतो तेवढा सरळ नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी टिळक झाली. नवरा नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा, मूळ घर कोकणातले. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटले नाही आणि मुलगा शिक्षणासाठी नाशिकला आला. बुद्धी अफाट, संस्कृतचा व्यासंग दांडगा, कवित्व जन्मजात. परंतु एका जागी पाय ठरेल तर शपथ! आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक, परवा आणखी कोठे कीर्तनकार. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी ही भ्रमंती. मनात आले की घर सोडून निघायचे. हातात पैसा आला की तो कोणा गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. संताप आला तर डोक्यावर घर घ्यायचे आणि निवळला की लहान मुलासारखे रडायचे. अशा माणसाबरोबर संसार म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखेच. लक्ष्मीबाईंनी ती बांधली. पोटची मुले गेली, ते दुःखही सोसले.

याच संसारात त्या वाचायला शिकल्या. शिकवणारे टिळकच. परंतु गुरू एवढा उतावळा आणि शिष्येच्या मागे घरातली एवढी कामे, की हे शिक्षण कसेबसेच चालले. वाचन आले, लिहिण्याचा सराव मात्र फार काळ बेताचाच राहिला. मराठीतल्या एका श्रेष्ठ आत्मचरित्राची लेखिका अशा रीतीने, चूल आणि पाळणा यांच्या मधल्या जागेत अक्षरे गिरवीत होती.

आणि मग ते संकट आले. रेल्वेच्या प्रवासात टिळकांना एक मिशनरी भेटला. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली. टिळक वाचत गेले, विचार करीत गेले आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई दूर माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण धर्माने दुरावलेला. कपाळी कुंकू आहे, पण संसार नाही. विधवा म्हणावे तर नवरा आहे आणि सवाष्ण म्हणावे तर घर नाही! त्या काळच्या समाजात अशा बाईला नावसुद्धा नव्हते.

पुढची चार-पाच वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाई बरेच दिवस पंढरपूरला बहिणीकडे होत्या. येणारे-जाणारे लोक कोणी कीव करायला येत, कोणी नुसते बघायला येत. दुःखाने त्या आजारी पडल्या. या काळात त्यांनी एक नवी गोष्ट केली. त्या पद्ये रचू लागल्या. मनातले बोलायला माणूस नव्हते तेव्हा त्यांनी ओळी जुळवल्या. मला या ठिकाणी आमच्या वस्तीतल्या जात्यावर बसणाऱ्या जुन्या बाया आठवल्या. त्याही काही शिकलेल्या नव्हत्या. पण दळण संपेपर्यंत त्यांच्या ओव्या संपत नसत, असे आजी सांगते.

टिळक दरम्यान अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मिशनच्या कामात रुजले होते. पत्रे चालू होती. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. परंतु त्या धर्म बदलून आल्या नाहीत. आपले सोवळे घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याच्या शेजारी राहूनही त्याच्या हातचे चालत नव्हते. जलालपूरच्या ओल्या घरातले सोवळे त्यांच्याबरोबर नगरपर्यंत आले होते.

यापुढचा भाग मी तीनदा वाचला. नगर जिल्ह्यातल्या या दिवसांत लक्ष्मीबाईंनी जातिभेदावर एकटीनेच विचार केला. त्यांना कोणी वादात हरवले नाही. टिळकांनी बळजबरी केली नाही. माणसामाणसांत हा विटाळ देवाने घातला की माणसांनी, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. देवाने तर घातलेला दिसत नाही, असे उत्तर आले. उत्तर आले त्याच दिवशी त्यांनी ठरवले की, यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे. ज्या बापाने बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत घेतली नाही, त्याच्या मुलीने हे ठरवले! त्यानंतर १९०० साली राहुरी येथे त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे विटाळ आधी सुटला, धर्म नंतर बदलला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्म कोणी कोणता मानावा हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. पण पाणी हा मनाचा प्रश्न नाही, तो सगळ्यांच्या तहानेचा प्रश्न आहे.

राहुरी! हे नाव वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर बसून राहिले. माझे गाव राहुरी तालुक्यातले. बाजाराला, दवाखान्याला, तहसील कचेरीत आम्ही राहुरीलाच जातो. अभ्यासाच्या पुस्तकातले लोक पुण्यात, मुंबईत, फार तर कोकणात राहतात अशी माझी समजूत होती. नेमलेल्या पुस्तकात आमची राहुरी भेटेल असे कधी वाटले नव्हते. टिळक पती-पत्नी काही काळ येथे राहिले, आणि गावाने बाहेर ठेवलेल्या माणसांत त्यांनी काम केले. ज्या वाड्याच्या उंबऱ्याबाहेर मी इतकी वर्षे उभी होते, त्या वाड्यातली एक बाई आपण होऊन उंबरा ओलांडून आमच्या बाजूला आली होती.

त्यानंतरची वर्षे नगरची. घर सदैव भरलेले असे. पोटची मुले थोडी, सांभाळलेली अनेक. टिळक कोणालाही घेऊन येत आणि लक्ष्मीबाई त्याला वाढत. या घरात आलेला सर्वांत नावाजलेला मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हा पोर पुढे टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मुलासारखी माया केली. शाळेत बालकवींची कविता आपण सगळ्यांनीच पाठ केलेली आहे. परंतु ती लिहिणारा मुलगा कोणाच्या हातचे जेवत होता, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस वर्षांचे. त्या घरातले एक माणूसच गेले.

टिळक १९०४ मध्ये पाळक झाले. ज्या ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवेचा निबंध आला होता, त्याच्याच मराठी विभागाचे ते १९१२ पासून संपादक होते. ख्रिस्ताविषयी लिहिताना त्यांनी अभंगाची वाट धरली. धर्म बदलला तरी तुकोबांची भाषा सोडली नाही. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. म्हणजे पुन्हा घरात पैशाची ओढाताण! ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. चाळीस वर्षे ज्या वादळाबरोबर संसार केला, ते वादळ शमले.

लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नास वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयाच्या विधवा बाईचे आयुष्य संपले असे समजतात. यांचे मात्र लेखिका म्हणून आयुष्य येथेच सुरू झाले. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचे महाकाव्य हाती घेतले होते, ते दहा-अकरा अध्यायांपाशीच थांबले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेले. नवऱ्याचे दहा-अकरा आणि बायकोचे साठांवर! मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने त्या कराचीलाही राहिल्या. तेथे नवे लोक, नवी भाषा. पण ज्या बाईने आपल्या चुलीपुढची रेघ पुसली होती, तिला गावाची परकेपणाची रेघ काय अडवणार?

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही गमतीदारच आहे. मुलगा देवदत्त, म्हणजेच दत्तू, याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आई लिहीत गेली. ती जसजशी लिहीत गेली तसतसे ते टिळकांचे चरित्र न राहता लक्ष्मीबाईंचे होत गेले. १९३४ पासून हे पुस्तक चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई वारल्या. राहिलेला शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला.

आता या पुस्तकाच्या थोरवीविषयी. ते टीकाकारांनी पुष्कळ सांगितले आहे, मी काय वेगळे सांगणार? मला जाणवलेल्या दोनच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट भाषेची. शाळेपासून माझ्या निबंधांवर एक लाल शेरा हटकून असे : भाषा सुधारा. मी घरी बोलते तसे लिहिले की ते अशुद्ध ठरे. म्हणून मी पुस्तकातली वाक्ये उसनी घेऊन लिहायला शिकले. या लेखातही ती बरीच असतील! लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. ओसरीवर बसून शेजारणीला सांगावे तसे त्या सांगतात. अलंकार नाहीत, संस्कृत वचने नाहीत. नवरा संस्कृतचा पंडित असताना त्याची भाषा उसनी घेण्याचा मोह त्यांना झाला नाही, याचे मला मोठे नवल वाटते. शाळेने बिघडवायला त्यांना शाळाच मिळाली नव्हती, असे म्हणावे काय? नाही, तसे म्हटले तर माझ्या आईवर अन्याय होईल. शाळा न मिळणे ही काही भाग्याची गोष्ट नव्हे. शाळा मिळाली नाही तरी सांगण्यासारखे आपल्याजवळ आहे, एवढा विश्वास त्यांच्याजवळ होता, इतकेच.

दुसरी गोष्ट खरेपणाची. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकातही नवरा मोठा आणि बायको त्याच्याकडून शिकलेली. परंतु तेथे पतीविषयीचा आदर सतत जपलेला दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांचे थोरपण सांगतात, आणि त्याच पानावर त्यांचा तऱ्हेवाईकपणा, संताप, बेजबाबदारपणाही सांगतात. तक्रार नाही, पण लपवाछपवीही नाही. आणि तोच न्याय स्वतःलाही! आपण किती सोवळे पाळले, किती हट्ट केले, कोठे फजिती झाली, सगळे उघड आहे. आपल्या माणसावर माया करावी आणि त्याच्याविषयी खरेही बोलावे, हे किती अवघड आहे! मला माझ्या घराविषयी हे दोन परिच्छेद लिहितानाही चार वेळा खोडावे लागले.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. या पुस्तकात आमची माणसे येतात ती लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी पाहिलेली. त्या उंबरा ओलांडून आल्या, हे त्यांचे मोठेपण. पण उंबऱ्याच्या या बाजूला आधीपासून जे उभे होते, त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते? राहुरीच्या त्या वस्तीतल्या एखाद्या बाईने ही सोवळ्यातली ब्राह्मणीण आपल्या हातचे पाणी पिते आहे असे पाहिले असेल, तेव्हा तिला काय वाटले असेल? तिचे ‘स्मृतिचित्रे’ कोणी लिहिले नाही. पुढे फार वर्षांनी, १९७८ मध्ये, आमच्याच नगर जिल्ह्यातल्या दया पवारांचे ‘बलुतं’ आले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ही दोन्ही पुस्तके मी आता ग्रंथालयातून मागितली आहेत. ती ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून वाचायची आहेत, विरोधात नव्हे, शेजारी.

आता दुसऱ्या वाचनाची हकिकत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा पुस्तक बरोबर होते. संध्याकाळी पडवीत वाचत बसले असता आजीने विचारले की, एवढे काय वाचतेस. मी सांगितले, एका बाईची गोष्ट आहे, आपल्या राहुरीत राहून गेलेली. मग मोठ्याने वाच, म्हणाली. मला संकोच वाटला. सोवळ्याचा भाग गाळून पुढे जावे असे मनात आले. पण खरेपणाविषयी एवढे वाचून झाल्यावर गाळायचे कसे? भीत भीत तेच प्रकरण वाचले.

आजी हसली! आमच्या वर्गापेक्षा मोठ्याने हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचे म्हणणे असे की, असली माणसे तिने पाहिली आहेत. दिवसभर धूत बसत, बिचाऱ्यांना सुख म्हणून नव्हते. आई भाकरी थापता थापता आतून हसत होती. मी परीक्षेत जे खोटे म्हणून लिहिले आणि मग ज्याचा मला राग आला, ते हसणे माझ्या आजीला परके नव्हते. हसण्याचाही अधिकार असतो आणि तो आजीइतका कोणाला होता?

रोज संध्याकाळी थोडे थोडे वाचले. टिळकांनी पैसे वाटले की आई वैतागे. लक्ष्मीबाई पंढरपूरला एकट्या पडल्या तेव्हा दोघी गप्प झाल्या. कोणाच्याही हातचे पाणी घ्यायचे असे त्यांनी ठरवले, तो भाग आला तेव्हा आजीने वाचन थांबवायला सांगितले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विहिरीची गोष्ट तिने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मी ऐकली होती त्याहून ती खूप मोठी होती. तिच्यात एक बाई होती. कोणाचे लक्ष नाही असे पाहून ती आजीच्या घागरीत आधी पाणी ओतत असे. त्या बाईचे नावही आजीला आठवत होते. इतकी वर्षे ते तिने जपून ठेवले होते.

मी म्हटले, आजी, तुला अक्षरे शिकवते, तू हे लिही. या बाईंनीसुद्धा पन्नाशीनंतरच लिहिले. आजीने मान हलवली. तिच्या डोळ्यांना आता दिवाही नीट दिसत नाही. मी सांगते, तू लिही, म्हणाली. मला पटकन देवदत्त आठवले. आईचे शेवटचे पान मुलाने पुरे केले होते. आमच्याकडे पहिल्या पानापासूनच नातीने लिहायचे आहे.

दोनशे पानी वही आणली आहे. आजी बोलते तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, असे ठरवले आहे. सध्या बावीस पाने झाली आहेत. वार्षिक परीक्षेत ‘स्मृतिचित्रे’वर प्रश्न येईलच. या वेळी उत्तर माझे असेल; गुण मग कितीही पडोत.